भेवाचं पान

चिखलीच्या बसस्थानकावर गाडी लागली की लोक दाराकडे धावतात आणि खिडकीतून रुमाल आत टाकतात. आमचे सर चाकाकडे जात. गुडघ्यावर हात ठेवून वाकत, खिशातल्या किल्लीने एकेका नटावर टकटक करत, मान तिरपी करून आवाज ऐकत, आणि सगळ्या नटांनी बरोबर उत्तर दिलं की मगच चढत. तोवर गाडी भरलेली असे आणि सर मेहकरपर्यंत उभे. एका चालकाने एकदा खिडकीतून मान काढून विचारलं होतं, की काका, गाडी इकत घ्याची हाये काय. सर शांतपणे म्हणाले होते, घ्यायची नाही, मरायचं नाही, तेवढंच पाहून राह्यलो.

हा किस्सा मी घरी सांगितला की मुलगी खदाखदा हसते आणि बायको विचारते, अन् तुम्ही काय करत होते तवा? मी सरांची पिशवी धरून पाच पावलं लांब, या माणसाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून उभा असे. पाच पावलं लांब उभं राहणं हा माझा जुना गुण आहे. पुढे तो फार महागात पडला. पण ते मला नाही, दुसऱ्यालाच.

सरांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि मी स्वतः या बाबतीत काही कमी नाही. ते पंख्याखाली झोपत नसत. त्यांची घरमालकीण सांगायची की मास्तर उन्हाळ्यात पंखा लावतात आणि त्याच्यापासून लांब भिंतीला टेकून घाम पुसत बसतात. कुठल्याही लोखंडी वस्तूला पहिला स्पर्श उलट्या हाताने. नळ असो, कपाट असो, लग्नाच्या मांडवाचा खांब असो. वीज उतरली असली तर उलटा हात आपोआप मागे येतो. सुलट्या हाताने धरलं की मूठ मिटते अन् माणूस चिकटते, असं ते समजावत. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचे सगळे खांब असे तपासले. सासरकडच्या लोकांना वाटलं, मुलाकडचे कोणीतरी मोठे साधुपुरुष आहेत, खांबांना आशीर्वाद देत चालले आहेत. दोघं-तिघं पाया पडून गेले.

एकदा आम्ही मुलांची सहल घेऊन लोणारला गेलो. सरोवराच्या काठावर गेलं की माणूस खाली बघतो. मुलं खाली बघत होती, मी खाली बघत होतो. सर काठापासून लांब, पाण्याकडे पाठ करून, वर आभाळाकडे बघत उभे. मी विचारलं, सर, वर काय आहे? ते म्हणाले, "एक आलं ना बे तिथून? म्हणजे वाट माहीत हाये त्याले."

मुलं यावर वर्षभर हसली. मीही हसलो. पण परतताना एस.टी.च्या खिडकीतून मी दोनदा वर पाहिलं, हे कबूल करतो.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते यंत्र विभागात कार्यशाळा सांभाळत. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, नंतर त्याच विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर त्यांचा सहकारी झालो. सहकारी फक्त कागदावर. ते मला शेवटपर्यंत "बे" म्हणत आणि मी शेवटपर्यंत त्यांच्यासमोर बसलो नाही.

मुलांच्या प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर उद्देश, प्रस्तावना, आभार वगैरे लिहितात. सरांकडे पहिलं पान भेवाचं. हे यंत्र कोणाला, कधी, कुठून, कसं इजा करू शकतं, ते ओळीने लिहायचं. भेव म्हणजे भीती. पण भीती म्हटलं की ती पुस्तकातली वाटते, भेव म्हटलं की पोटात लागतं. एका मुलाने कडबा कापायच्या यंत्रासाठी लिहिलं, मला कसलीच भीती वाटत नाही. सरांनी त्याच्या हातून पाना काढून घेतला आणि त्याला तीन दिवस बंद यंत्रासमोर स्टुलावर बसवलं. चौथ्या दिवशी पोराने सतरा भेवं लिहून आणली. "ज्याले भेव नाही त्याच्या हाती पाना देऊ नका," हे सर वर्षातून चाळीस वेळा म्हणत.

मी विद्यार्थी असताना माझ्या पानावर पहिलंच भेव लिहिलं होतं, मला सरांचं भेव वाटते. त्यांनी लाल शाईने बाजूला लिहिलं: बरोबर. पुढे?

या पानाचा खरा कायदा वेगळाच होता. ते मास्तरसाठी नसे. यंत्र जो माणूस वापरणार, त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्याने वाचायचं. त्याने ऐकायचं, मान हलवायची आणि मगच यंत्राला हात लावायचा. तो शेतकरी असो, पिठाच्या गिरणीवाला असो, शिवणकाम करणारी बाई असो. वाचणाऱ्याचा आवाज थोडा हलला पाहिजे, असा सरांचा आग्रह. आवाज हलला नाही तर ते पान पुन्हा लिहायला लावत.

तर असा हा माणूस, आणि त्यात आमच्याकडे आलं ते आव्हान.

तीन विद्यापीठांनी मिळून एक उपक्रम काढला होता. एक आमचं, एक कृषी विद्यापीठ आणि एक पुण्याकडचं, जिथे उद्योजकता शिकवतात. त्याचं नाव आव्हानाधारित शिक्षण. म्हणजे पुस्तकातलं गणित सोडवायचं नाही. गावातल्या खऱ्या माणसाने खरी अडचण सांगायची, तिन्ही ठिकाणच्या मुलांनी एकत्र बसून ती सोडवायची आणि शेवटी त्यातून एखादा धंदा उभा राहील असं बघायचं. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, तीन बोधचिन्हांचा फलक लागला. सरांनी फलकाची तार ओढून पाहिली आणि सगळ्यांना त्याच्याखालून बाजूला व्हायला सांगितलं. फोटोत म्हणून सगळे मान्यवर फलकाच्या डावीकडे दाटीवाटीने उभे दिसतात.

आमच्या गटाला आव्हान दिलं ते उंद्रीच्या बशीरचाचांनी. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हंगामात ते स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही शेतात फवारत. अर्जात अडचणीसाठी पंधरा ओळी होत्या. चाचांनी एक भरून दिली: फवारताना औषध अंगावर येते, ते येऊ नये.

ते साल कसं होतं, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बीटीचं बियाणं आलं तेव्हा अळीची फवारणी गेली असं सगळ्यांनी मानलं होतं. काही वर्षं गेलीही. मग गुलाबी अळी थेट बोंडाच्या आत जाऊन बसली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत ती. लोकांनी हाती येईल ते औषध हाती येईल त्या औषधात मिसळून फवारायला सुरुवात केली. त्यात पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याच्या वर गेलेली. त्या गर्दीत शिरून पंप मारायचा म्हणजे विषाच्या खोलीत दार लावून बसण्यासारखं. रोज पेपरात कुठल्यातरी गावची बातमी असे. दवाखान्यात ज्यांना आणत त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असत. संध्याकाळी शेतातून माणूस यायला उशीर झाला की घरचे लोक धुऱ्यापर्यंत जाऊन हाका मारत. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिथून पुढे जायला कोणी धजत नसे.

आमच्या गटात दोन मुलं होती. कृषीची वर्षा, धामणगाव बढ्याची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. पुण्याचा केतन, त्याच्या उलट. मार्गदर्शक मी. तिघांनी मिळून यंत्र बनवलं ते साधं होतं. पाठीवरच्या पंपाला मागे निघणारी दांडी, दांडीला चार तोंडं. माणूस पुढे चालणार, फवारा मागे पडणार. माणूस विषापासून सतत दूर जात राहणार. केतनने त्याचं नावही ठेवलं, पाठराखण, आणि वर्षभरात किती गावांत ते विकता येईल याचा तक्ता केला. चाचांनी दोनदा येऊन पट्टे कुठे काचतात ते सांगितलं. आम्ही पट्टे बदलले. आणखी काही त्यांना विचारावं, असं आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

चाचणीसाठी सरांची जुनी रीत होती. पाण्यात कपड्याची नीळ कालवायची आणि वापरणाऱ्याने पांढरा सदरा घालायचा. जिथे निळं लागलं, तिथे विष लागलं असतं. आम्ही महाविद्यालयाच्या मैदानातल्या धावपट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेषेत पंप चालवला. केतन चालला, वर्षा चालली. सदरे दुधासारखे पांढरे. केतनने फोटो काढून तिन्ही विद्यापीठांना पाठवले.

आता माझी गोष्ट. मी नऊ वर्षं तात्पुरता होतो. दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच विचारणार की स्वतःबद्दल सांगा. घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि रोज संध्याकाळी 'झालं का काही?' एवढंच विचारणारे वडील. आमच्या विभागप्रमुखांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या उपक्रमासाठी एक कायम पद मंजूर झालं आहे, आणि ज्याचा गट पहिला येईल त्याचा विचार आधी होईल. त्या दिवसापासून मला दोन भेवं होती. एक सरांचं, एक जूनचं.

प्रात्यक्षिक उंद्रीला, चाचांच्या अडीच एकर पराटीत ठरलं. सर म्हणाले, निळीच्या पाण्याने करू. प्रमुख म्हणाले, दोन विद्यापीठांचे पाहुणे येतायत, त्यांना काय बागेला पाणी घालताना दाखवायचं? परिस्थिती खरी हवी, तोच तर उपक्रम आहे. आणि चाचांना तसंही फवारायचंच आहे. सर बैठकीतून उठून गेले. जाताना दाराला उलटा हात लावायला विसरले नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच पंप घेऊन मैदानावर गेलो. हेतू काही थोर नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर आपण ऐटीत चालून दाखवावं म्हणून सराव. निळीचं पाणी, पांढरा सदरा. टोकापर्यंत गेलो, आणि उरलेलं पाणी संपवत नळाकडे यायचं म्हणून पहिल्यांदाच पंप चालू ठेवून मागे वळलो.

मी जो फवारा मागे ठेवत आलो होतो, तो अजून तिथेच होता. हवेत तरंगत. मी सरळ त्यात चाललो.

खाली पाहिलं तर छाती निळी. कोपरापर्यंत हात निळे. ओठांवर निळीची चव.

धावपट्टीवर आम्ही कधी वळलोच नव्हतो. शेतात ओळ संपली की वळावंच लागतं. पाठराखण माणसाचा मागचा भाग राखत होतं, आणि वळल्यावर मागचं पुढे येत होतं. हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. मला मात्र पदवी असूनही आदल्या दिवशी समजलं.

मी सदरा कार्यशाळेच्या मागच्या हौदावर धुतला. एकदा, दोनदा, साबण लावून तिसऱ्यांदा. धुताना स्वतःला सांगत होतो की आज वारा होता. उद्या नसेल. पराटीत वारा शिरतच नाही. चाचा जुने आहेत, सांभाळून घेतील. आणि एकदा पद मिळालं की पुढच्याच आठवड्यात सुधारणा करता येईल. एकेक कारण त्या सदऱ्यासारखं धुऊन, पिळून, वाळत घातलं.

सदरा पांढरा झाला. नखं झाली नाहीत. संध्याकाळी सरांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, नखात नीळ कशी? मी म्हणालो, हाताने कालवली सर. त्यांनी मान हलवली, म्हणाले, हाव. आणि किती तरी वेळ माझ्याकडे नाही, माझ्या नखांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी उंद्रीला मोटारी आल्या, टोप्या आल्या, चहाचे थर्मास आले. सरांनी त्या बैठकीनंतर प्रमुखांसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला, की आधी पान वाचा. पाहुण्यांना गंमत वाटली. मी चाचांसमोर उभा राहिलो. पानावर अकरा भेवं होती. पट्टा तुटू शकतो. झाकण सैल राहू शकतं. दांडी झाडात अडकू शकते. अशी अकरा. चाचा हात जोडून, कोणी कुराणातली आयत म्हणत असावं तसे लक्ष देऊन ऐकत होते आणि प्रत्येकाला मान हलवत होते. बारावं माझ्या घशात होतं. मी वही मिटली.

सर पुढे आले आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तुहा आवाज हालला नाही बे."

मग वळून चाचांना मोठ्याने म्हणाले की पहिला पंप मी घेतो.

चाचांनी नको म्हटलं. सर, तुमचं काम नाही ते, बारा-पंधरा किलो वजन असते, खाली ढेकळं असते. प्रमुख हसत म्हणाले, अहो सर, फोटो चाचांचा हवा. सर कोणाचं ऐकत नव्हते. एस.टी.चे नट मोजणारा तो माणूस पावसाळी कोट अंगात चढवत होता. नाकावर एक रुमाल, त्यावर दुसरा रुमाल, डोळ्याला वेल्डिंगचा साधा चष्मा. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, चंद्रावर निघालेत का? सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पट्टा लावताना बक्कल दोनदा निसटली. वर्षाने लावून दिली. निघताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मला वाटलं, काही राहिलं असावं. मी म्हणालो, सगळं बरोबर आहे सर.

ते ओळीत शिरले.

झाडांच्या शेंड्यांमधून फक्त पावसाळी कोटाची टोपी दिसत होती, आणि तिच्यामागे पांढरट धुकं. आम्ही सगळे या बाजूच्या धुऱ्यावर. चाचा बाजूला ड्रममधून पुढच्या पंपाचं पाणी काढत होते. टोपी हळूहळू लांब जात होती. मी मनात पावलं मोजत होतो. मला माहीत होतं पलीकडचा धुरा किती लांब आहे. तीस पावलं. वीस. पंधरा. तोंड उघडायचं होतं. एका बाजूला प्रमुख, एका बाजूला दोन विद्यापीठं, मधे मी. दहा. पलीकडच्या उघड्या धुऱ्यावर टोपी थांबली. उन्हात आणि घामात त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली असणार, कारण त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा कपाळावर सारलेला दिसला. वळायची जागा नीट दिसावी म्हणून. रुमालही खाली ओढला, श्वास घ्यायला.

घरी सांगताना मी इथे म्हणतो की मी ओरडलो, पण आवाज बसला होता. आवाज ठणठणीत होता.

टोपी वळली. धुक्यात शिरली. चार पावलं आली आणि खाली गेली.

पळाली ती वर्षा. तिने झाडं मोडत जाऊन त्यांना खांद्याला धरून बाहेर ओढलं, कोट फाडला, ड्रमचं पाणी तोंडावर ओतलं, साबण मागितला. चाचा मदतीला धावले. सरांना उलटी झाली, दोनदा. डोळ्यांतून, नाकातून पाणी. जीपमध्ये घालताना वर्षा औषधाची बाटली मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर पहिलं तेच विचारतात, हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं ते मी जीपमध्येही बोललो नाही. सरांचे पाय माझ्या मांडीवर होते. चिखलीपर्यंत त्यांचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते, आणि मी ते दोन्ही हातांनी दाबून धरले होते, जसं काही धरल्याने थांबेल.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. दोन दिवस ठेवू. दुसऱ्या दिवशी दुपारी सर शुद्धीवर, सलाईनच्या नळीकडे संशयाने बघत होते. खोलीत मी आणि चाचा. मी खाटेच्या पायाशी उभा राहून सगळं सांगितलं. निळी छाती, हौद, तीन वेळा धुतलेला सदरा, कायम पद. आवाज हलत होता. आता काय उपयोग.

सर छताकडे बघत राहिले. म्हणाले, "नखं पाह्यली होती मी तुही. पंप मी पाठीवर घेतला त तू बोलशीन, असं वाटलं."

मग चाचाच बोलले, अगदी अवघडून, जणू चूक त्यांचीच होती.

"वळताना येतेच ना सर अंगावर. कोणताबी पंप घ्या. आमी श्वास कोंडून वळतो. धुरा आला की छाती भरून घ्याची, डोये मिटाचे, वळाचं, आठ-दहा पावलं गेलं की सोडाचा. सारेच करते."

मी म्हणालो, चाचा, मग सांगितलं का नाही आम्हाला?

"तुमी इचारलं नाही, बेटा. अन् तुमी काल कागद वाचला, त्यात वळाचं नव्हतं. मले वाटलं, या मशिनीनं तेवढं तरी मिटवलं. म्हून मी सरायले बी सांगतलं नाही, की श्वास कोंडा."

सर उठून बसले. नळी ताणली गेली तरी त्यांना कळलं नाही. त्यांनी चाचांना विचारलं की दिवसाला अशी किती वळणं होतात. चाचा हसले. म्हणाले, दिवसाले पंधरा-वीस पंप होते, अन् मजुरी पंपावर असते सर, वळणावर नाही. ते कोण मोजते. सरांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होतो. पंख्याला, वायरीला, आभाळाला घाबरलेला. पण त्या क्षणाइतका घाबरलेला तो कधी नव्हता. ते चाचांच्या छातीकडे बघत होते.

नंतरचं थोडक्यात सांगतो. मी झालं ते सगळं प्रमुखांना लिहून दिलं. पहिला क्रमांक दुसऱ्या गटाला गेला, पद दुसऱ्याला गेलं, आणि मी आणखी तीन जून त्याच खुर्चीवर बसून स्वतःबद्दल सांगत राहिलो. लिहून दिलं त्या संध्याकाळी वडिलांनी 'झालं का काही?' विचारलं, तेव्हा मी म्हणालो, झालं. ते बापडे खूश झाले. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्यावर ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

पण दवाखान्यातून सुटायच्या दिवशी त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. पंप भर, म्हणाले. साधं पाणी. चाचाच्या संगं जा, अन् वळून ये.

मी गेलो. दुपारचे तीन, पराटी डोक्याच्या वर. चाचांच्या पाठीवर त्यांचा जुना पंप, माझ्या पाठीवर माझा. शेजारच्या दोन ओळींत दोघं. माझं पोट तेव्हाही पुढे होतं, पट्टे काखेत रुतत होते, आणि चाचा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पुढे चालले होते. धुरा आला की त्यांचा खांदा उचलला जाई, गाल फुगत, डोळे मिटत, आणि ते एका जागी फिरकी घेऊन पुन्हा आत. मीही तसं केलं. पहिल्या वळणाला जमलं. दुसऱ्याला जमलं. तिसऱ्याला वाटलं, एवढं काही नाही. चौथ्याला कानात ठोके ऐकू यायला लागले. पाचव्याला ढेकळात पाय मुरगळला आणि तरी तोंड बंद ठेवलं. सहाव्याला डोळ्यांपुढे पिवळं.

सातव्याला श्वास सुटला. तोंड उघडलं आणि तो सगळा गार फवारा घशात गेला. पाणीच होतं. तरी मी धुऱ्यावर बसून थुंकत राहिलो, बाहीने जीभ पुसत राहिलो.

चाचा बाजूच्या ओळीतून गेले. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. मी बसलोय हे त्यांना दिसलंसुद्धा नाही. त्यांच्या पाठीवरचा पहिला पंप अजून अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता.